‘तुला कसे कळले?’ : प्राथमिक शाळेतील इतिहास आणि नंदुरबारचा मुलूख

खानदेशातील एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे दाखलखारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने उघडावे, मुलांची नावे कागदाच्या पट्टीने झाकावीत आणि केवळ जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवीत खाली यावे. पानामागून पान उलटले तरी १ जून ही एकच तारीख पुन्हापुन्हा भेटत राहते. एवढी मुले निसर्गाने एकाच दिवशी जन्मास घातली असतील असे कोणीही समंजस मनुष्य मानणार नाही. शाळा जूनमध्ये उघडते, प्रवेशासाठी वयाची अट असते, घरी जन्माचा दाखला नसतो, आई ‘मोठा पूर आला त्याच्या आधीच्या होळीला’ एवढेच सांगू शकते, आणि रकाना मोकळा ठेवण्याची मुभा सरकारी दप्तरात नसल्यामुळे गुरुजी अदमासे वर्ष ठरवून त्यापुढे १ जून लिहून मोकळे होतात. हे पान पाचवीच्या वर्गापुढे ठेवले आणि ‘हे खरे असेल काय?’ एवढेच विचारले, तर मुले प्रथम हसतात, मग बोटांवर मोजू लागतात, आणि अखेरीस त्यांच्यापैकी कोणीतरी विचारतेच, ‘मग खरी तारीख कुठे लिहिली आहे?’ इतिहासाच्या अभ्यासाला प्रारंभ होतो तो या प्रश्नापासून. लिहिलेले आहे म्हणून ते घडलेच असे नाही. ते कोणी लिहिले, कोणत्या गरजेपोटी लिहिले, लिहिणाऱ्याला ठाऊक तरी किती होते, ही चौकशी झाल्यावाचून लेखाचा अर्थ लागत नाही, हे तत्त्व दहा वर्षांच्या मुलाला व्याख्यान न देता येथे उमगते.

त्याच पानातून आणखीही एक गोष्ट निघते, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. १ जून ही तारीख खोटी असली, तरी ते रजिस्टर निरुपयोगी ठरत नाही. मूल शाळेत कोणत्या वर्षी आले, त्याच्या पालकाचा धंदा काय लिहिला आहे, मुलींची नावे कोणत्या सालापासून वाढत गेली, शाळा सोडण्याचे कारण म्हणून काय नोंदले आहे, या बाबतींत त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार गावात दुसरा नसतो. साधन एका प्रश्नाला अप्रमाण आणि दुसऱ्या प्रश्नाला प्रमाण असू शकते, ही जाणीव पदवीधरांनाही सहसा नसते. ती प्राथमिक शाळेत रुजविता येईल काय, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ती कशी रुजवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विचार परदेशातून आयात केलेला आहे असे समजण्याचे कारण नाही. नंदुरबार ज्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा निघाला, त्या धुळ्यातच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांच्या निधनानंतर उभे राहिले आणि त्यांनी जन्मभर जमविलेल्या कागदपत्रांचा संग्रह तेथे ठेवला गेला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पानिपताच्या काळातील अस्सल पत्रे एका बाजूला आणि मागाहून रचलेल्या बखरी दुसऱ्या बाजूला ठेवून बखरकारांच्या तारखा, स्थळे आणि नावे यांची जी झाडाझडती घेतली, ती मराठी वाचकाला त्या काळी धक्का देणारी होती. पण ती पद्धती पुण्याच्या आणि धुळ्याच्या मंडळांत राहिली; शाळेच्या वर्गात आली ती त्या पद्धतीने सिद्ध झालेल्या निष्कर्षांची यादी. सनावळी पाठ करणारे मूल ‘हे कशावरून?’ असे विचारीत नाही, कारण तसे विचारण्याची सोय त्या यादीतच नसते.

याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसून आले. त्याने आठ व्यावसायिक इतिहासकार आणि आठ हुशार शालेय विद्यार्थी यांच्यापुढे १७७५ सालच्या लेक्झिंग्टनच्या चकमकीविषयीचे तेच ते कागद ठेवले आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगितले. इतिहासकारांची दृष्टी आधी कागदाच्या तळाशी, लिहिणाऱ्याच्या नावाकडे आणि तारखेकडे गेली, आणि मग ते मजकुराकडे वळले. विद्यार्थ्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचले, आणि पाठ्यपुस्तकातील उतारा त्यांना विशेष विश्वसनीय वाटला. विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती कमी नव्हती. कागदाला प्रश्न विचारावयाचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अर्थात, लहान मुलांना हे झेपेल काय, ही शंका जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९७२ साली साधनांच्या आधारे इतिहास शिकविण्याचा जो मोठा उपक्रम सुरू झाला, तोही तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी होता. त्याहून धाकट्यांना अमूर्त विचार साधत नाही अशी त्या काळच्या मानसशास्त्राची समजूत होती. जेरोम ब्रूनर यांनी १९६० सालीच तिच्या उलट प्रतिपादन केले होते, की कोणताही विषय प्रामाणिक राहून, पण मुलाच्या वयाला साजेशा रूपात, कोणत्याही वयात शिकविता येतो. मला ब्रूनर यांचे म्हणणे पटते, आणि त्याचे कारण ग्रंथांत नसून शाळेच्या अंगणात आहे. पेन्सिल कोणी घेतली या वादात पहिलीतील मूल ‘तू पाहिलेस का?’, ‘तू तर तेव्हा पाणी प्यायला गेला होतास’, ‘तो तुझा मित्र आहे म्हणून तू असे म्हणतोस’ ही तिन्ही अस्त्रे सफाईने वापरते. प्रत्यक्षदर्शी कोण, ऐकीव काय आणि पक्षपात कोठे, हे त्याला कळते. फक्त ते कौशल्य इतिहासाच्या तासाला बाहेर काढावयाचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

काळाची कल्पना मात्र खरोखरीच अवघड आहे, आणि तिच्या बाबतीत घाई करून चालत नाही. सातआठ वर्षांच्या मुलाला ‘चारशे वर्षांपूर्वी’ आणि ‘चार हजार वर्षांपूर्वी’ यांत फारसा भेद वाटत नाही. दोन्ही ‘फार पूर्वी’च. म्हणून प्रारंभ घरापासून करावा लागतो : आधी कोण, नंतर कोण, आजीच्या लग्नात वीज होती काय, दळण जात्यावर होत असे ते कधी थांबले. सातपुड्याच्या पाड्यांवर वय सालाने मोजत नाहीत, घटनांनी मोजतात. बहात्तरचा दुष्काळ ही वृद्धांच्या बोलण्यातील एक पक्की खूण आहे; त्याहून मागची, ऐकीव म्हणून उरलेली, खूण छप्पन्याच्या दुष्काळाची. हा छप्पन्या विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा, हे शिक्षकाने सांगितले की मुलांना एकदम दोन गोष्टी कळतात : काळ मोजण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, आणि आजोबांच्या आजोबांची गोष्ट पुस्तकातील सालाशी जुळविता येते.

याहून सुरस पाठ नवापूरच्या रेल्वे स्थानकावर मिळतो. त्या स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सरहद्द जाते. फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात आहे, आणि हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चार भाषांतून घोषणा होतात. प्रवासी तेथे गंमत म्हणून छायाचित्र काढून घेतात व गाडीत बसतात. शिक्षकाने मात्र तेथे एकच प्रश्न विचारावा : आधी स्थानक की आधी सरहद्द? मुलांचे पहिले उत्तर बहुधा ‘सरहद्द’ असेच येणार, कारण नकाशातील रेषा त्यांना डोंगरनद्यांइतकीच सनातन वाटते. तापी खोऱ्यातील सुरत-अमळनेर हा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. दोन राज्ये झाली ती १ मे १९६० रोजी. मधल्या साठ वर्षांत स्थानकाभोवतीचा हा मुलूख एकाच मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता, तेव्हा स्थानक बांधणाऱ्यांनी रेषा ओलांडली नाही, रेषाच मागाहून त्यांच्या फलाटावरून गेली. कार्यकारणभाव आणि कालक्रम यांचा संबंध काय असतो, हे एवढ्या थोडक्यात पटवून देणारे दुसरे उदाहरण मला तरी महाराष्ट्रात आढळलेले नाही.

हाच धागा घरापर्यंत नेता येतो. १९४५ च्या सुमारास शहाद्याकडे जन्मलेल्या आजीचे गाव तसूभरही हललेले नाही. पण जन्मतः तिचा जिल्हा पश्चिम खानदेश होता (खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ साली झाले), मग तो धुळे झाला, आणि नातवंडे शाळेत जाऊ लागली तोवर नंदुरबार. आणखी मागे गेले तर अकबराच्या कारकीर्दीत नंदुरबार हे माळव्याच्या सुभ्यातील एक ‘सरकार’ म्हणून ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेले सापडते. मुलांनी आजीचे कागद, मग तो लग्नाचा असो, जमिनीचा असो की शिधापत्रिका असो, घरी पाहून त्यांवरील जिल्ह्याचे नाव आणि साल तेवढे वहीत उतरवून आणावे, आणि वर्गात त्या नोंदी सालवार लावाव्यात. बदलते काय आणि टिकते काय, हा इतिहासातील अतिशय कठीण प्रश्न तिसरीच्या वर्गात आजीच्या ट्रंकेतून निघतो. तिसरीसाठी पाठ्यपुस्तक मंडळाने परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, ही त्या दृष्टीने मोठी सोय झाली. मात्र जिल्ह्याचे पुस्तकसुद्धा पाठ करून घेता येते, आणि तसे झाले की गावातील नदी गंगेइतकीच दूर जाते.

नंदुरबारच्या मुलांना ज्या एका नावाची ओळख करून द्यावी लागत नाही, ते म्हणजे हुतात्मा शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमारांसह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनी प्राण गमावले. ही कथा सांगताना कंठ दाटून यावा हे स्वाभाविक आहे, आणि मी तर म्हणेन की प्रथम ती तशीच सांगावी. मुलाच्या मनात आदर आणि वेदना उत्पन्न होण्याआधीच त्याच्या हाती चिमटा आणि भिंग देणे हा रुक्षपणा होय. परंतु दुसऱ्या दिवशी तीच कथा पुन्हा घ्यावी. शिरीषकुमारांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. मुलांनी वजाबाकी करावी. पंधरा वर्षे आणि साडेआठ महिने, असे उत्तर येते. मग कोठे ‘पंधरा वर्षांचा’ आणि कोठे ‘सोळा वर्षांचा’ असे लिहिलेले दिसते, ते का? एकाने पूर्ण झालेली वर्षे मोजली, दुसऱ्याने चालू असलेले वर्ष. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही. दोन लेखांत तफावत दिसली की त्यातील एक लबाड असलाच पाहिजे, ही जी बालसुलभ (आणि वृत्तपत्रसुलभ) समजूत, तिला येथे पहिला तडा जातो.

पुढचा प्रश्न महिन्याचा. ‘छोडो भारत’चा ठराव मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी झाला; नंदुरबारची मिरवणूक त्यानंतर एक महिना आणि एक दिवसाने, ९ सप्टेंबरला. हा योगायोग की योजना? पुढाऱ्यांची धरपकड ९ ऑगस्टला झाली होती, हे कळल्यावर मुले आपण होऊनच तर्क बांधतात. तिसरा प्रश्न भाषेचा : या मिरवणुकीत गुजराती घोषणाही दिल्या गेल्या; खानदेशात हे कसे? याचे उत्तर शोधताना हुतात्म्यांची आडनावे, सुरतेची जवळीक, व्यापारी पेठ आणि पुन्हा तोच तापी खोऱ्याचा लोहमार्ग, हे सगळे एकत्र येऊ लागते. स्मारकावर फुले वाहून परतणाऱ्या प्रभातफेरीत यांपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि म्हणून मुलांना पाचपैकी एकच नाव आठवते.

शहराबाहेर पडून तळोदा तालुक्यात गेले की रावलापाणी लागते. तेथे २ मार्च १९४३ रोजी संत रामदास महाराजांच्या आदिवासी अनुयायांवर इंग्रज सरकारच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. रामदास महाराजांचे बंधू गुला महाराज यांनी १९३८ च्या सुमारास दारू सोडण्याची आणि स्वच्छ राहणीची जी चळवळ सुरू केली, तिचेच हे लोक. नाल्यातील खडकांवर त्या गोळ्यांच्या म्हणून खुणा आजही दाखविल्या जातात. दोन घटनांत सहा महिन्यांचे अंतर, एकच जिल्हा, एकच सरकार; परंतु एक घटना साऱ्या राज्याला ठाऊक आणि दुसरी तालुक्याबाहेर क्वचितच. का? हा प्रश्न चौथी-पाचवीच्या मुलांना विचारावा, आणि आपल्या मनातील उत्तर त्यांच्यावर लादू नये. कोणी म्हणेल शहरात वर्तमानपत्रे होती. कोणी म्हणेल तिकडच्या लोकांना लिहिता येत नव्हते. कोणी म्हणेल एकाचे वय लहान होते म्हणून. घटनेचे महत्त्व घटनेत जन्मतः असते की मागून येणारे ते तिला देतात, या प्रश्नावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. तळोद्याच्या मुलाला तो स्वतःच्या गावाच्या निमित्ताने पडतो.

येथे मौखिक साधनांचा विषय निघतो, आणि या जिल्ह्यात तोच सर्वांत मोठा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबारच्या साडेसोळा लाखांच्या घरातील लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा त्यांच्या जमाती, आणि घरी बोलली जाणारी भाषा भिलोरी, पावरी, मावची. त्यांच्याविषयीचे जुने लेखन बहुतेक परक्यांनी केलेले आहे : महसुली अंमलदार, जंगल खात्याचे अधिकारी, पोलीस. तेव्हा ‘लेखी ते खरे, तोंडी ते गावगप्प’ असा न्याय लावला, तर वर्गातील बहुसंख्य मुलांच्या घरी इतिहासच नाही असे ठरते. सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात भौतिक, लिखित आणि मौखिक अशी साधनांची त्रिविध विभागणी दिलेली आहे; ती मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहून विसरतात, कारण या तीन शब्दांचा आपल्या अंगणाशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही.

वस्तुतः धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत त्या तीन शब्दांवर घरोघरचे शेत अवलंबून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करणाऱ्या आदिवासी कुटुंबाला, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ही जमीन आपल्या कसणुकीत आहे, हे दाखवून द्यावे लागते. त्यासाठी कोणता पुरावा चालेल, याचा तपशील नियमांत आहे : सरकारी कागद, मग तो दंडाची पावती असो, जनगणनेचा असो की मोजणीचा, जमिनीवरील खुणा, म्हणजे घर, बांध, विहीर, जुनी झाडे, देवाचे किंवा पुरण्याचे स्थान, आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानी. ग्रामसभेने यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही नियम सांगतो. लिखित, भौतिक, मौखिक, आणि त्यांची एकमेकांशी पडताळणी! इतिहासपद्धतीचा असा आटोपशीर पाठ सरकारी नियमांनी लिहून ठेवला असताना पाठ्यपुस्तकाने इंग्लंडमधील उदाहरणांची वाट का पाहावी? त्यातही मौज अशी की अतिक्रमण केल्याबद्दल वनखात्याने आजोबांना केलेल्या दंडाची पावती, जी त्या वेळी अपमान म्हणून घरात आली, तीच नातवाच्या दाव्यात जमीन कसत असल्याचा पुरावा ठरू शकते. लिहिणाऱ्याचा हेतू एक आणि वाचणाऱ्याचा उपयोग दुसरा, हे साधनांचे गुपित ज्या मुलाने घरच्या पत्र्याच्या पेटीत पाहिले, त्याला ते पुन्हा शिकवावे लागणार नाही.

वृद्धांची साक्ष घेण्यालाही रीत आहे, आणि ती मुलांना शिकविली पाहिजे. आजोबांना वकिलासारखे आडवेतिडवे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा. त्यांच्या वाक्यावाक्याला मान डोलावणे ही निव्वळ भक्ती. वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : कोणी सांगितले, त्यांनी स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, आणि आपल्याला केव्हा सांगितले. त्यानंतर तीच हकीकत दुसऱ्या घरी, शक्य तर एखाद्या आजीकडून ऐकावी. पुरुषांच्या आठवणीत साहेब, मोर्चा आणि भांडण येते, तर आजीच्या आठवणीत त्याच वर्षी धान्य कोठून आणले आणि कोणते कंद खाल्ले हे येते. मुलांना दोन्ही ऐकल्यावर कळते की गावाचा भूतकाळ एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. नर्मदाकाठच्या मणिबेली, निमगव्हाण, चिमलखेडी यांसारख्या गावांतील कुटुंबांच्या बाबतीत तर हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही, कारण सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी शेते व घरे गेली आणि कित्येक कुटुंबे तळोद्याकडील सोमावल, रोझवा येथील वसाहतींत येऊन राहिली. त्या भागात धरणग्रस्तांच्या आंदोलनाने १९९१-९२ पासून सुरू केलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या घरच्या भाषेला आणि वडीलधाऱ्यांच्या कथांना वर्गात स्थान दिले, हे येथे नमूद केलेच पाहिजे. वसाहतीतील मुलाने आजोबांना विचारून बुडालेल्या गावाचा नकाशा काढला, आणि शेजाऱ्याच्या आजोबांच्या नकाशात देवस्थान ओढ्याच्या पलीकडे निघाले, तर गुरुजींनी दोन्ही नकाशे ठेवावेत आणि महसुली नकाशाची नक्कल मिळते काय ते पाहावे.

मौखिक परंपरेचा आदर करणे म्हणजे तिला चिकित्सेतून सूट देणे नव्हे. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या जुन्या मेवासी संस्थानच्या गावी राजवाडी होळी भरते. उंच बांबूचा दांडा आणतात, त्यासाठी खड्डा अवजाराविना हाताने उकरतात, अंगावर राख आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घेतलेले व्रतस्थ बुध्या-बावा रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. ही परंपरा १२४६ सालापासूनची, असे दरवर्षी छापून येते. छान, पण हा आकडा कोठून आला? पाड्यावरील माणूस सालाने मोजत नाही हे आपण पाहिलेच, मग इतके नेमके वर्ष कोणी, कशावरून, केव्हा ठरविले? संस्थानिकांच्या वंशावळीवरून? एखाद्या लेखावरून? की एका बातमीवरून दुसऱ्या बातमीने उचलले? पाचवीच्या वर्गाने एवढे विचारले तर होळीचे तेज कमी होत नाही. ‘फार जुनी’ हे विधान आणि ‘१२४६’ हे विधान यांना लागणारा पुरावा सारखा नसतो, एवढेच त्यांना शिकावयाचे आहे.

मातीचे साधन पाहावयाचे तर शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे आहे. यात्रेकरू त्याला दक्षिण काशी म्हणतात. बा. कृ. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व विभागातर्फे १९५४-५५ मध्ये तेथील पांढरीचे उत्खनन केले, तेव्हा अगदी खालच्या थरांत रंगीत नक्षीची मृद्भांडी, गारगोटीची बारीक पाती आणि थोडे तांबे मिळाले, व लोखंड आले ते वरच्या थरांत. खाली ते जुने, वर ते नवे, हा नियम सांगण्यासाठी उत्खननाची गरज नाही; घरामागच्या उकिरड्याचा उभा छेद मुलांना दाखविला की पुरे. प्रवासी लोकांची साक्षही आहेच. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेहून खंबायतेकडे जाताना नंदुरबारास आला आणि तेथील मराठ्यांच्या कलाकौशल्याची त्याने वाखाणणी केली. सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असे लिहिले. एकाची नजर कसबाकडे गेली, दुसऱ्याची मालाकडे. कोण कशासाठी प्रवास करीत होता हे ठाऊक असेल तर त्यात नवल नाही.

राहता राहिला चौथीचा शिवछत्रपतींचा इतिहास, जो १९७० पासून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वाचला. येथे शिक्षक बिचकतात, आणि त्यांचे बिचकणे समजण्यासारखे आहे, कारण ‘कशावरून?’ या शब्दाला अश्रद्धेचा वास येतो असे मानणारे लोक गावोगाव आहेत. परंतु पुराव्याने महाराजांची कथा फिकी होते असा अनुभव नाही. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात काय घडले, याचे वर्णन त्याच वेळी रजपूत सरदार रामसिंगाच्या पदरच्या माणसांनी राजस्थानी भाषेत लिहून पाठविलेल्या पत्रांतून मिळते, ही गोष्ट मुलांना सांगून पाहावी. महाराजांचे नोकर नसलेल्या, मराठी न बोलणाऱ्या माणसांनी त्यांचा बाणेदारपणा पाहून चकित होऊन लिहिले, हे कळल्यावर वर्गातील मुले अधिक ताठ बसतात.

धोका दुसरीकडेच आहे. साधनांची चिकित्सा अर्धवट शिकविली तर ‘सगळेच आपापल्या सोयीचे सांगतात, खरे काहीच नसते’ अशा निष्कर्षावर मुले येतात. परदेशांतील शिक्षकांनीही हा अनुभव नोंदविला आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक चिकित्सेचा शेवट ‘मग आपण काय म्हणू शकतो?’ या वाक्याने करणे, आणि ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘कदाचित’ या तीन शब्दांपैकी एक शब्द मुलाने स्वतः निवडणे.

हे सारे करावयास शिक्षकाला वेळ कोठून मिळावा, हा आक्षेप खरा आहे. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन-तीन इयत्ता, घाटावरून बदलून आलेला आणि पावरीचा गंध नसलेला गुरुजी, आणि वर माहिती मागविणारी परिपत्रके. त्या गुरुजींकडून संशोधनाची अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. पण मुलांची भाषा न येणे ही अडचण येथे काहीशी उपयोगीही पडते. मुलेच दुभाषी होतात, आजोबांचे म्हणणे मराठीत आणताना त्यांना प्रत्येक वाक्याचा अर्थ लावावा लागतो, आणि गुरुजी खरोखरीच अज्ञ असल्यामुळे ‘मला ठाऊक नाही, तू सांग’ हे त्यांचे वाक्य नाटकी वाटत नाही. आठवड्यातून एक तास एवढ्यावर हे काम भागते.

खरा अडसर परीक्षेचा आहे, कारण शाळेत जे मोजले जाते तेच शिकविले जाते. ‘शिरीषकुमार कोणत्या साली हुतात्मा झाले?’ हा प्रश्न काढून टाकावा असे मी म्हणत नाही. सन ठाऊक नसलेल्याला क्रम लावता येत नाही. त्याला एक गुण असू द्यावा. त्याच्याखाली एका कागदाचे चार ओळींचे टिपण आणि एका आजोबांचे चार ओळींचे निवेदन छापावे, दोहोंत एक तफावत असावी, आणि विचारावे : तफावत कोणती, ती का पडली असेल, आणि खात्री करून घेण्यासाठी तू आणखी कोणाला विचारशील किंवा कोणता कागद पाहशील? या प्रश्नाला चार गुण. त्यांपैकी दोन शेवटच्या भागाला, आणि तेथे तलाठ्याचे दप्तर, शाळेचे रजिस्टर, शेजारच्या पाड्यावरची आजी किंवा नाल्यातील खडक यांपैकी काहीही कारणासह लिहिले तरी पूर्ण गुण.